गावासाठी वडाची लागवड : सावली, पक्षी आणि पुढील पिढी

महाराष्ट्रातील बहुतेक गावांत वेशीजवळ, देवळापुढे किंवा ओढ्याच्या काठी एखादा तरी जुना वड उभा असतो. त्याच्या पारावर गावाची बैठक भरते, दुपारी गुरे त्याच्याच सावलीत रवंथ करतात आणि ज्येष्ठ पौर्णिमेस स्त्रिया त्याला सूत गुंडाळतात. तथापि शिवारातून फेरफटका मारून एखाद्याने वडांची मोजणी केली, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानी आल्याशिवाय राहणार नाही. जे वड दिसतात ते बहुतेक आजोबा-पणजोबांच्या काळचे असतात. दहा-पंधरा वर्षे वयाचा, काळजीपूर्वक लावलेला वड क्वचितच आढळतो. रस्ते रुंद करताना जुने वड जातात, वादळात काही उन्मळून पडतात. परंतु त्यांची जागा घेणारी रोपे मात्र कोठे तयार नसतात. हे असेच चालू राहिले तर आणखी एका पिढीने अनेक गावांत वड हा केवळ पूजेच्या चित्रात पाहावयास मिळेल. म्हणून वडाची लागवड हा हौसेचा विषय न मानता गावाच्या आवश्यक कामांपैकी एक समजला पाहिजे.

वडाचे महत्त्व

रस्त्याच्या कडेस वड लावण्याची पद्धत आपल्या देशात फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात, माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावविल्याची नोंद करून ठेवली आहे. ह्या निवडीमागे अनुभव होता. वडाची पाने मोठी, जाड व चिवट असतात. जुनी पाने गळून नवी पालवी फुटण्यास फार वेळ लागत नाही, त्यामुळे चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हातही त्याखाली दाट सावली मिळते. अलीकडे रस्त्यांच्या कडेने गुलमोहरासारखे परदेशी वृक्ष पुष्कळ लावले गेले. ते लवकर वाढतात व फुलांनी शोभतात हे खरे. पण ऐन उन्हाळ्यात गुलमोहर निष्पर्ण असतो आणि त्याच्या कठीण शेंगा पक्ष्यांच्या उपयोगी पडत नाहीत.

वडाचे आयुष्य दीर्घ असण्याचे कारण त्याच्या पारंब्यांत आहे. फांद्यांपासून सुटलेल्या पारंब्या जमिनीत रुजल्या की त्यांचे खांब बनतात व ते फांद्यांना आधार आणि अन्नपाणी पुरवितात. हावडा येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. तरीही तो वृक्ष आज आपल्या हजारो पारंब्यांच्या आधाराने चार एकरांहून अधिक जागेवर पसरून उभा आहे. संगमनेर तालुक्यातील पेमगिरी येथील महावटवृक्ष हे आपल्या राज्यातील असेच एक ठळक उदाहरण होय.

ह्याशिवाय वडाचे लहानमोठे उपयोग शेतकऱ्यास ठाऊकच आहेत. पाला शेळ्या व गुरे आवडीने खातात, पानांच्या पत्रावळी होतात. वडाचे लाकूड पाण्याखाली चांगले टिकते, म्हणून पूर्वी ते विहिरीच्या बांधकामात तळाशी वापरीत. आणि पारंब्यांचे लाकूड चिवट असल्याने त्याची जुवे करीत.

पाखरांचे कोठार

वडाला फुले येत नाहीत असा एक समज आहे. वस्तुतः फुले असतात, पण ती बाहेरून दिसत नाहीत. आपण ज्याला वडाचे फळ म्हणतो ती एक बंद पेटी असून तिच्या आतल्या बाजूस शेकडो बारीक फुले असतात. ह्या पेटीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद छिद्रातून एक अतिशय लहान जातीची गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. दुसऱ्या फळातून अंगावर आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे त्या अंड्यांतून नर व माद्या बाहेर येतात. नरांना पंख नसतात. ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात व त्या वाटेने पराग घेतलेल्या माद्या नवीन फळाच्या शोधात उडून जातात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. ही माशी नसेल तर वडाचे बी तयार होत नाही, आणि वड नसेल तर ही माशी जगू शकत नाही.

ह्या गोष्टीचा गावकऱ्यांशी प्रत्यक्ष संबंध आहे. बाहेर पडलेली मादी फार तर एक-दोन दिवस जगते. एवढ्या अवधीत तिला योग्य अवस्थेतील फळ धरलेला दुसरा वड सापडला पाहिजे. निरनिराळे वड निरनिराळ्या वेळी फळतात म्हणूनच हे साधते. ही माशी वाऱ्याबरोबर दूरवर जाऊ शकते; परंतु पंचक्रोशीत एक-दोनच वड उरले तर साखळी तुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणजे एका गावाने एकच वड जपणे पुरेसे नाही. शेजारच्या पाच-सात गावांत मिळून पुष्कळ वड असावे लागतात.

सर्व वड एकाच वेळी फळत नसल्यामुळे वर्षातील बहुतेक महिन्यांत कोठे ना कोठे तरी पिकलेली फळे मिळतात. इतर झाडांची फळे संपलेली असतात अशा टंचाईच्या दिवसांत हाच पाखरांचा आधार असतो. आपला राज्यपक्षी हरियल, तांबट, राखी धनेश, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, पोपट हे सारे वडावर गर्दी करतात. रात्री वटवाघळे येतात. खाली सांडलेली फळे मुंगूस, उदमांजर व रानातील हरणे खातात. सह्याद्रीच्या जंगलात आपला राज्यप्राणी शेकरूही वडाच्या फळांवर येतो. जुन्या खोडाच्या ढोलीत पिंगळा व घुबड घरटी करतात. ही दोन्ही पाखरे शेतातील उंदीर व किडे खातात हे शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. उंच फांद्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकलेली दिसतात. ही पाखरे व वटवाघळे जांभूळ, चंदन, कडुनिंब अशा अनेक झाडांचे बी शिवारभर पसरवितात. वडावर पोसलेली पाखरे अशा रीतीने गावाचे बाकीचे रानही राखतात.

जागेची निवड

वड हा विशाल वृक्ष आहे. त्याला लावताना आजच्या रोपाकडे न पाहता पन्नास वर्षांनंतरच्या विस्ताराकडे पाहावे. पुढील जागा योग्य होत : गायरान, तलावाचा व नाल्याचा काठ, बाजाराचे मैदान, गुरांची बसण्याची जागा, एस. टी. थांब्याजवळील मोकळी जमीन, शाळेच्या मैदानाची कड आणि पाणवठ्याची वाट. घर, शाळेची इमारत, विहीर किंवा पाण्याची टाकी ह्यांपासून वड निदान ६० फूट दूर असावा, कारण त्याची मुळे बांधकामास तडे पाडतात. तलावाच्या काठी लावताना मातीच्या बांधावर कधीही लावू नये. मुळांच्या वाटेने पाणी झिरपून बांध कमजोर होण्याची भीती असते. विजेच्या तारांखालील जागाही वर्ज्य समजावी. आज तारेखाली लावलेला वड उद्या दरवर्षी छाटला जाईल.

पिकाच्या शेतात मधोमध वड लावण्याचा सल्ला कोणासही देऊ नये. त्याच्या सावलीत व मुळांच्या टापूत पीक कमी येते हे खरे आहे व ते शेतकऱ्यापासून लपवून उपयोग नाही. बांधावरच लावावयाचा असेल तर तो शेताच्या उत्तरेकडील बाजूस लावावा. रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सावली उत्तरेस पडते व आपले पीक उन्हात राहते. मात्र उत्तरेस शेजाऱ्याचे शेत असेल तर त्याची संमती आधी घ्यावी. उत्तरेस गायरान, ओढा किंवा रस्ता असल्यास उत्तमच. पेरू, चिकू यांसारख्या फळबागेलगतही वड लावू नये, कारण वटवाघळे व पाखरे पिकलेल्या फळांवरही येतात.

रस्त्याच्या कडेस लावताना रस्ता कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे हे पाहून लेखी परवानगी घ्यावी आणि पुढे होणाऱ्या रुंदीकरणाची हद्द विचारून तिच्या बाहेर खड्डा घ्यावा. ही चौकशी न केल्यामुळे वाढीस लागलेली झाडे तोडावी लागतात व लोकांचा उत्साह मावळतो. दोन वडांत ५० ते ८० फूट अंतर ठेवावे.

वड हलक्या मुरमाड जमिनीपासून भारी काळ्या जमिनीपर्यंत सर्वत्र येतो. फक्त पाणी साचून राहणारी व खारवट जमीन टाळावी.

रोपे तयार करण्याच्या रीती

वडाची अभिवृद्धी बियांपासून व फांद्यांपासून अशी दोन्ही प्रकारे करता येते.

बियांपासून : पूर्ण पिकलेली लाल फळे गोळा करून पाण्यात कुस्करावीत. गर व पोचट बी वर तरंगते, चांगले बी तळाशी बसते. ते गाळून सावलीत वाळवावे. पसरट कुंडीत तळाशी विटांचे तुकडे, त्यावर वाळू, चाळलेली माती व पालापाचोळ्याचे खत ह्यांचे मिश्रण आणि थोडा लाकडी कोळशाचा चुरा भरावा. बी अत्यंत बारीक असल्याने ते बारीक वाळूत मिसळून वर पसरावे. मातीखाली गाडू नये, कारण त्याला उगवण्यास उजेड लागतो. वरून झारीने पाणी घातल्यास बी वाहून जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. काही आठवड्यांत उगवण होते. रोपांना चार पाने आली की ती लहान पिशव्यांत व पुढे मोठ्या पिशव्यांत हलवावीत. पाच-सहा फूट उंचीचे, दोन वर्षांचे रोप कायम जागी लावण्यास उत्तम. बियांपासून झालेले झाड जमिनीत खोल व भक्कम मूळ धरते.

फांद्यांपासून : मनगटाएवढ्या जाडीची, सहा ते आठ फूट लांबीची सरळ फांदी फाल्गुनात, नवी पालवी फुटण्यापूर्वी किंवा मृगाच्या सुमारास घ्यावी. सर्व पाने काढून टाकावीत. खालचा छेद तिरपा घ्यावा. कापातून येणारा चीक वाळावा म्हणून फांदी एक-दोन दिवस सावलीत ठेवावी. वरच्या टोकास शेण व माती ह्यांचा लेप द्यावा, म्हणजे तेथून ओल उडून जात नाही व पाणी शिरून फांदी कुजत नाही. खुंट निदान दोन फूट खोल पुरून भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी. फाल्गुनात घेतलेले खुंट रोपवाटिकेत मुळे धरू द्यावेत व पावसाळ्यात हलवावेत. मृगाचे खुंट थेट जागेवर लावावेत. शेळीचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर पालवी फुटते हा ह्या रीतीचा मोठा फायदा आहे.

येथे एक खबरदारी घ्यावी. सर्व खुंट एकाच वडाचे घेऊ नयेत. एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढलेली झाडे बहुधा एकाच सुमारास फळतात. मग पाखरांना इतर महिन्यांत काही मिळत नाही व वर सांगितलेल्या माशीचीही अडचण होते. निरनिराळ्या गावांतील चार-पाच वडांचे खुंट किंवा बी आणून लावल्यास हा दोष राहत नाही.

आपोआप उगवलेली रोपे : पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी जुन्या भिंतींत, विहिरीच्या कड्यांत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते. अशी रोपे तेथेच राहिल्यास बांधकामाचे नुकसान करतात. ती लहान असतानाच पावसाळ्यात, मुळे न तोडता काढून पिशवीत लावावीत. विहीर वाचते आणि रोप फुकट मिळते.

लागवड व पहिले तीन उन्हाळे

वैशाखात ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्यावा. नंतर वरच्या थरातील माती, चार-पाच घमेली कुजलेले शेणखत व वाळवीचा उपद्रव असल्यास दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड मिसळून भरावा. भारी काळ्या जमिनीत थोडा मुरूम मिसळणे हिताचे असते. पहिला चांगला पाऊस होऊन माती बसल्यावर रोप लावावे. पिशवी पूर्णपणे काढून टाकावी. ती तशीच ठेवल्यास मुळे आतल्या आत गुंडाळतात. रोपास बांबूचा आधार द्यावा, पण दोरी सैल बांधावी.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात लावलेली अनेक झाडे पावसाळ्यात जगतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. वडाचेही तसेच आहे. मोठा वड दुष्काळ सोसतो, कारण त्याची मुळे दूरवर गेलेली असतात; लहान रोपाची तशी स्थिती नसते. पहिल्या उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी दोन बादल्या पाणी द्यावे, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी व तिसऱ्यात महिन्याने. पाण्याची टंचाई असेल तेथे बुडाशी बारीक छिद्र पाडून वात बसविलेले मडके रोपाजवळ पुरावे व ते भरून झाकण ठेवावे. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र ते खोडास लागू देऊ नये.

वडाचा सर्वांत मोठा शत्रू शेळी होय. बाभळीच्या काट्यांचे, दगडांच्या कठड्याचे किंवा लोखंडी जाळीचे कुंपण पहिल्या दिवसापासूनच असावे. गुरे खुंटास अंग घासतात, म्हणून खुंटाभोवतीही काटे बांधावेत. झाड मोठे होताच जाळी काढून घ्यावी. ती खोडात रुतलेली अनेक ठिकाणी दिसते. खोडकिड्याचे छिद्र व भुसा दिसल्यास तारेने अळी काढून छिद्र मातीने बुजवावे.

रस्त्याकडेच्या झाडाच्या खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढून खोड आठ फुटांपर्यंत मोकळे करावे. एकाच वेळी सर्व फांद्या तोडू नयेत.

जुन्या वडांची निगा

नवा वड लावणे जितके आवश्यक, तितकेच जुना राखणे आवश्यक आहे. पूर्वीचे पार दगड-मातीचे असत व त्यांच्या सांध्यांतून पाणी व हवा आत जाई. आता खोडाच्या सालीस टेकेपर्यंत सिमेंट ओतण्याची चाल पडली आहे. त्यामुळे मुळे गुदमरतात. पार बांधावयाचा असल्यास खोडाभोवती सहा-सात फुटांची जमीन मोकळी सोडावी. बुडाशी कचरा जाळणे, खिळे ठोकून पाट्या लावणे व नळाच्या चरासाठी एका बाजूची मुळे तोडणे हे तिन्ही प्रकार थांबविले पाहिजेत. एका बाजूची मुळे तुटलेला वड पुढे एखाद्या वळवाच्या पावसात उन्मळतो व मग लोक झाडालाच दोष देतात.

दातवणासाठी, औषधासाठी व झोक्यासाठी पारंब्यांची टोके सतत तोडली जातात. त्यामुळे फांद्यांना आधार मिळत नाही व त्या स्वतःच्या भारानेच मोडतात. रहदारीच्या आड न येणाऱ्या पारंब्या जमिनीपर्यंत पोचू द्याव्यात. पारंबी जमिनीच्या जवळ आली की खालची माती भुसभुशीत करावी व भोवती काटे लावावेत. उंचावरील पारंबी पोकळ बांबूत माती व खत भरून त्यातून खाली आणता येते; मोठे वड जतन करताना ही युक्ती उपयोगी पडली आहे. वाळवीकडेही दुर्लक्ष करू नये. तेलंगणातील महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री हा प्राचीन वड वाळवीने इतका पोखरला की, २०१८ साली सलाईनच्या बाटल्या टांगून त्याच्या फांद्यांत थेंबाथेंबाने कीटकनाशक सोडावे लागले. सुरुवातीस खोडावरील मातीची घरे खरवडून काढली असती तर एवढी वेळ बहुधा आली नसती.

वटपौर्णिमेस फांद्या तोडून त्यांची पूजा करण्याचा प्रघात शहरांत व मोठ्या गावांत पडला आहे. मूळ रिवाज जिवंत वृक्षापाशी जाण्याचा आहे. ज्येष्ठ पौर्णिमा नेमकी लागवडीच्या हंगामात येते. तेव्हा त्या दिवशी महिला मंडळांनी फांदी आणण्याऐवजी एक रोप लावण्याचा पायंडा पाडल्यास रिवाजही राहील व वडही वाढतील.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम शिवारातील प्रत्येक वडाची नोंद करावी : जागा, अंदाजे वय, स्थिती आणि फळे पिकण्याचा महिना. फळांच्या नोंदीसाठी शाळेतील मुलांची मदत चांगली होते. वर्षभरात कोणत्या महिन्यांत एकही वड फळत नाही हे त्यावरून कळेल व रोपे कोणत्या झाडाची करावीत ते ठरविता येईल. नंतर ग्रामसभेत जागा निश्चित कराव्यात. शंभर रोपे लावून विसरण्यापेक्षा पाच रोपे लावून ती पाचही जगविणे केव्हाही श्रेयस्कर. प्रत्येक रोपापुढे पाणी घालणाऱ्या कुटुंबाचे नाव वहीत लिहावे आणि ती वही तीन उन्हाळे प्रत्येक ग्रामसभेत वाचली जावी. चौथ्या पावसाळ्यात ज्या रोपाला पाण्याची व कुंपणाची गरज उरली नाही, त्याच्यापुढे खूण करून नवीन जागेचा खड्डा घ्यावा.